प्रवेश परीक्षेत यमन गावा, की सगळ्यांपेक्षा वेगळं काही?

प्रश्न असा आला आहे: "बारावी झाली आहे, 'मध्यमा पूर्ण' ही गाण्याची परीक्षाही झालीय. माझी पट्टी काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा). शास्त्रीय गायनाच्या बी.ए.साठी दोन ठिकाणी प्रवेश परीक्षा देणार आहे. सर म्हणतात यमन राग गा. पण यमन सगळेच गातात, परीक्षक कंटाळतात, असं क्लासमधल्या ताया सांगतात. म्हणून महिनाभर यूट्यूबवर ऐकून बसंती केदार बसवतेय. दहा मिनिटं मिळणार आहेत, हातात साडेतीन महिने आहेत. काय गाऊ?"

तुझे सर बरोबर सांगताहेत. पण तायांचं म्हणणंही अगदीच खोटं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेली बावीस वर्षं मी शिकवते आहे आणि त्यातली बरीच वर्षं कुठल्या ना कुठल्या प्रवेश परीक्षेत टेबलापलीकडे बसले आहे. एका दिवसात आठ-आठ यमन ऐकले आहेत. आठव्या यमनाचा कंटाळा येतो का? पहिला 'नि रे ग' नीट लागला तर नाही येत. उलट तोवर कान यमनात इतका मुरलेला असतो की चांगला गंधार लागला की तिघेही परीक्षक एकदम वर बघतात. कंटाळा येतो तो वहीतून पाठ केलेल्या आलापांचा. ते बसंती केदारात असले तरी येतोच.

परीक्षक त्या दहा मिनिटांत एकच गोष्ट शोधत असतात: हिला पुढची तीन वर्षं शिकवता येईल का? सूर स्थिर आहे का, लय आत चालू आहे का, आणि सांगितलेलं कानात शिरून गळ्यातून बाहेर येतं का. तयारीच्या ताना ऐकायला आवडतात, नाही असं नाही. पण ताना शिकवता येतात. म्हणून राग निवडताना मी माझ्या मुलांना एकच कसोटी लावायला सांगते: ज्या रागात तुला कुणी मधेच थांबवलं, वळवलं, भलतंच विचारलं तरी तू गात राहशील, तो राग घे.

हे का म्हणते, ते डोळ्यांसमोर घडलेलं सांगते. एक मुलगा पुरिया गायला बसला. आवाज भरदार, मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, छान उतरणारा, दोन मिनिटं आम्ही अगदी खूश. मग आमच्यातल्या ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "आता हेच स्वर घेऊन मारवा दाखवतोस का?" प्रश्न काही वाकडा नव्हता. पुरिया, मारवा, सोहनी ह्या तिघांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. पुरियात गंधार-निषादावर वस्ती आणि चाल मंद्राकडे, मारव्यात रिषभ-धैवत ठासून, सोहनी तार, म्हणजे वरच्या, षड्जाभोवती. पुरिया शिकवताना कुणीही गुरू मारव्यापासून कसं वाचायचं ते सांगतोच. पण मुलगा गप्प झाला. तंबोरा वाजतोय, तबलजींचा हात डग्ग्यावर थांबलेला, आणि मुलगा वहीच्या दिशेने बघतोय. त्याला पुरियाचे आठ आलाप आणि बारा ताना येत होत्या. पुरिया येत नव्हता.

त्याच दिवशी एक मुलगी भूप गायली. साधा भूप, मध्यलय तीनताल, काही फार नाही. तिला विचारलं, "देशकार?" ती म्हणाली, "देशकार शिकले नाहीये, पण त्यात धैवत मोठा आहे एवढं माहीत आहे. बघू का करून?" आणि तिनं वरच्या षड्जावरून खाली येत धैवतावर थांबायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा गंधारावर रेंगाळली आणि भूप झाला. तिचं तिलाच कळलं. हसून म्हणाली, "नाही, परत," आणि दुसऱ्यांदा गंधार नुसता शिवून धैवतावर परत गेली. पूर्ण देशकार नव्हताच तो. पण ती परत फिरली त्या क्षणी आमच्या कागदावर तिच्या नावापुढे खूण झाली होती.

आता मध्यमा पूर्णबद्दल. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हापासून अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र ह्या वाटेनं गाणं सामान्य घरांत पोचलं. माझ्या घरातही ते असंच आलं, त्या वाटेबद्दल मला फार कृतज्ञता आहे. पण ह्या परीक्षांमध्ये पसारा मोठा असतो. पुष्कळ राग, प्रत्येकाची बंदिश, चार आलाप, चार ताना. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत ह्याच्या उलट होतं. बहुधा एकच राग आणि दहा मिनिटं. त्यामुळे "मला वीस राग येतात" म्हणणारी मुलं तिथे अडकतात, आणि एकच यमन दोन वर्षं घोटलेली मुलगी निवांत गाते. तुला आजवर आलेल्या रागांची यादी कर आणि प्रत्येकापुढे लिही की ह्यात मी वही न बघता, तोच आलाप पुन्हा न घेता किती मिनिटं राहू शकते. यादी फार लवकर लहान होते. होऊ दे.

बसंती केदार बाजूला ठेव. राग अतिशय सुंदर आहे, जयपूर घराण्याच्या गायकांनी तो फार मोठा केला, आणि पुढे तू तो शीकच. पण तो जोडराग आहे. त्यात बसंत आणि केदार दोघं हातात हात घालून चालतात. कुठे एकाचा हात सोडायचा आणि दुसऱ्याचा धरायचा, हीच त्यातली गंमत. परीक्षक पहिला प्रश्न काय विचारतील सांगू? "नुसता केदार गा. आता नुसता बसंत." दोन्ही राग स्वतंत्रपणे गळ्यात नसतील तर तिसरा त्यांच्यावर उभा राहणार कसा? शिवाय तू तो एका रेकॉर्डवरून उचलला आहेस. आम्हीही त्याच रेकॉर्ड ऐकत मोठे झालो. तिसऱ्या आवर्तनात (तालाच्या तिसऱ्या फेरीत) कुठली तान येणार हे आम्हाला तुझ्याआधी माहीत असतं, आणि मग तू गातेस की नक्कल करतेस हे कळायला मार्ग राहत नाही.

मग यमनच का? तुझ्या बाबतीत तीन कारणं दिसतात. एक, सर तुझ्यासोबत आहेत आणि त्यांनी तो शिकवला आहे. दोन, यमनाचा चेहरा पहिल्या तीन स्वरसमूहांत दिसतो. परीक्षक तिसऱ्या मिनिटाला "बस" म्हणाले तरी जे सांगायचं ते सांगून झालेलं असतं. तीन, काळी चारमध्ये तुला मंद्र पंचमापर्यंत उतरता येत असेल आणि तार गंधार मोकळा लागत असेल, तर यमनाचा सगळा मुलूख तुझ्या आवाजात बसतो. हे तिसरं कारण मुलं विसरतात. दरबारी आवडतो म्हणून घेतात आणि मंद्रात आवाजच नसतो. सोहनी आवडते म्हणून घेतात, आणि सकाळी दहाला घाबरलेल्या गळ्यातून तार सप्तक उघडत नाही. घरी संध्याकाळी रियाजानंतर लागणारा सूर धरू नकोस. सकाळी उठून चहाआधी जो लागतो तो परीक्षेत लागेल असं समज. (ही सूचना मुलग्यांना दुप्पट लागू. अठराव्या वर्षीही बऱ्याच मुलग्यांचा आवाज पुरता बसलेला नसतो. पांढरी दोनला ताणून गाण्यापेक्षा काळी एकला मोकळं गावं, पट्टी उतरली म्हणून कुणी गुण कापत नाही.)

आणि यमन नकोच वाटत असेल, तर बागेश्री, भीमपलास, बिहाग ह्यांतला जो सरांकडे सर्वांत जास्त दिवस शिकला असशील तो घे. बागेश्री घेतलास तर तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात हवी. मालकंसालाही. मारवा-पुरियाला पंचम नाहीच, तिथे पहिली तार निषादावर लावतात. परीक्षेच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक तंबोरा बहुधा पंचमावरच लावलेला असतो, कारण आधीचा विद्यार्थी यमन गाऊन गेलेला असतो! मुलं संकोचानं काही बोलत नाहीत आणि पंचमाच्या तारेवर मालकंस गायला लागतात. तिथे बिनधास्त सांगायचं, "मध्यम लावून मिळेल का?" हे विचारणारी मुलगी तंबोरा ऐकते आहे, एवढं परीक्षकांना त्याच क्षणी कळतं.

आता दहा मिनिटांचा हिशोब. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतली मोठी बंदिश, विलंबित एकतालात घेणार असशील तर मात्रा मोजून बघ. एका मात्रेला 4 सेकंद धरले तर 12 मात्रांचं आवर्तन 48 सेकंदांचं. पाच मिनिटांत जेमतेम सहा आवर्तनं. त्यातलं एक स्थायीत (बंदिशीचा पहिला भाग), एक अंतऱ्यात (दुसरा भाग) गेलं की बढतीला, म्हणजे राग फुलवायला, उरतात चार. चार आवर्तनांत मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत जायचं आहे! घरी अर्धा तास ज्या पद्धतीनं एकेका स्वरावर थांबतेस ते इथे चालणार नाही, आणि घाईघाईनं सगळं कोंबूनही चालणार नाही. माझा सल्ला: पहिलं आवर्तन मंद्र आणि गंधारापर्यंत, दुसरं गंधार-पंचम, तिसऱ्यात निषादाला हात लावून चौथ्यात तार षड्ज, तिथून अंतरा. लय किंचित चढी ठेव. एकदम ठाय, म्हणजे फारच संथ, लयीत तबलजींनाही त्रास आणि तुलाही. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायची धास्ती वाटत असेल तर दहाव्या मात्रेचं 'तिरकिट' कान देऊन ऐक आणि मगच मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचल. ते ऐकू आलं की बोटावर मात्रा मोजाव्या लागत नाहीत.

माहितीपत्रकात बडा ख्याल सक्तीचा नसेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती मला स्वतःला जास्त आवडते. मध्यलयीतली झपताल किंवा रूपकमधली एक भरदार बंदिश घ्यायची आणि ती नीट मांडायची. दहा मात्रांचा झपताल दहा मिनिटांत पोटभर गाता येतो. माहितीपत्रक मात्र शब्द न् शब्द वाच. काही ठिकाणी एकच राग विस्ताराने मागतात, काही ठिकाणी दोन, काही ठिकाणी रागांची यादी लिहून द्यावी लागते. यादीत लिहिलेला कुठलाही राग विचारला जाऊ शकतो. शोभेसाठी एकही नाव लिहू नकोस.

तबलजींना लय तोंडी सांगू नकोस, "थोडी विलंबित" म्हणजे प्रत्येकाची वेगळी. मुखडा गुणगुणून हातावर चार मात्रा दाखव. हे घरी करून बघ, पहिल्या वेळी हात आणि मुखडा वेगवेगळ्या लयीत जातात.

बंदिश निवडताना शब्द वाच. बहुतेक बंदिशी ब्रजभाषेत असतात, आणि आपल्याकडची मुलं त्यांचे उच्चार मराठी वळणानं करतात, अर्थ विचारला की भिंतीकडे बघतात. मी परीक्षेत अर्थ हमखास विचारते. नायिका वाट बघते आहे की रागावली आहे हे माहीत नसेल तर कुठल्या शब्दावर थांबायचं हे गळ्याला कोण सांगणार? दुसरं, मुखडा लहान आणि वळणाचा सोपा असावा. छोट्या ख्यालात (जलद लयीतल्या बंदिशीत) तीनतालाच्या नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठणारा मुखडा तुला निम्मं आवर्तन श्वास घ्यायला आणि पुढचं ठरवायला देतो. पाचव्या मात्रेपासून उठणाऱ्या, शब्दांनी गच्च भरलेल्या बंदिशी ऐकायला बहारदार असतात, पण परीक्षेच्या दिवशी छातीत धडधडत असताना त्या दमवतात. तिसरं, अंतरा फार वर जाणारा नको.

दुसरा राग पहिल्याचा भाऊबंद नसावा. यमनाबरोबर भूप घेऊन काही मुलं येतात, भीमपलासाबरोबर बागेश्री. दोन राग गाऊनही एकाच रागाचे गुण मिळतात. यमनाबरोबर तू भैरव घे किंवा वृंदावनी सारंग. ह्यात वेळेचाही विचार आहे. परीक्षेला सकाळी नऊला बोलावतात आणि नंबर दुपारी दोनला लागतो. सकाळी यमन गायला म्हणून कुणी नाव ठेवत नाही, परीक्षा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दुपारी बाराला "दुसरं काय?" विचारल्यावर सारंगाचा 'रे म प नि' घेतला की खोलीतली हवा बदलते. तुला शक्य असेल तर एक सकाळचा आणि एक दुपारचा, असे दोन छोटे ख्याल हाताशी ठेव आणि वेळ बघून ठरव. ताल मात्र बदल. पहिला एकताल-तीनताल असेल तर हा झपतालात.

परीक्षा पावसाळ्याच्या तोंडावर असेल तर मियाँ मल्हाराचा मोह होतो. बाहेर पाऊस, आत मल्हार, दृश्य छान आहे. पण त्यातला आंदोलित कोमल गंधार आणि दोन निषादांची ती लपेट गळ्यात बसायला वेळ लागतो. दोन पावसाळे तो गायलेला नसेल तर नको.

तिसरी गोष्ट पिशवीत असू दे: एक तराणा, नाट्यपद किंवा अभंग. विचारतीलच असं नाही. विचारलं तर दोन मिनिटांत आटोपेल असं. नाट्यपद घेतलंस तर मूळ राग सांगता यायला हवा, आणि मूळ गायकाच्या हरकती तशाच्या तशा घेऊ नकोस.

कुठे परीक्षा देतेस ते लिहिलं नाहीस, म्हणून एवढंच सांगते. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र गुरुकुल पद्धतीनं चालतं. तिथे किंवा मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागात, बडोद्याला, खैरागडला, बनारसला जा, समोर बसलेले लोक वेगवेगळ्या घराण्यांचे असणार. त्यांना रुचेल म्हणून आयत्या वेळी गायकी बदलू नकोस. तुझे सर ग्वाल्हेरचे असतील तर स्थायी-अंतरा आधी पूर्ण मांड आणि मग बढत कर, किराण्याचे असतील तर सूर लावत सावकाश जा. पंधरा दिवसांत उचललेली आग्र्याची नोमतोम (नोम, तोम अशा अक्षरांतली आलापी) लगेच उघडी पडते. कुणाकडे शिकलीस हे विचारलं की सरांचं नाव नीट घे, बंदिश कुणाकडून मिळाली तेही सांग.

साडेतीन महिने भरपूर आहेत. पहिल्या दीड महिन्यात यमनाच्या नव्या ताना बसवू नकोस, नुसता राग गा. रोज सात चिठ्ठ्या कर: सा, रे, ग, म, प, ध, नि. आईला किंवा भावाला एक चिठ्ठी उचलायला सांग. 'ध' आला तर त्या दिवशीचा यमन धैवतावरून सुरू करायचा आणि पाच मिनिटं रागात राहायचं. आरोहात षड्ज-पंचम टाळून वर जायचं हे तुला माहीत आहे. पण पंचमाची चिठ्ठी आली की कळेल, पंचमावर उभं राहून कुठल्या कुठल्या वाटांनी निघता येतं, रिषभावरची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) कशी येते. पुढच्या महिन्यात बंदिशी आणि दुसरा राग. शेवटच्या महिन्यात काहीही नवीन नाही. फक्त दहा मिनिटांचा गजर लावून अख्खं सादरीकरण, आणि घरातल्या कुणीही, गाण्यातलं कळत नसलेल्यानंसुद्धा, मधे कुठेही "थांब, आता अंतरा गा" किंवा "आता आकारात गा" म्हणायचं. तंबोरा बंद करायचा नाही. थांबवल्यावर पुन्हा षड्ज किती सेकंदांत लागतो तेवढं बघ. सुरुवातीला चिडचिड होईल, रडूही येईल. तिसऱ्या आठवड्यात आई मधे बोलली तरी तुझा गंधार हलणार नाही.

ह्या रविवारी सरांकडे जा, बसंती केदार बसवत होते हे त्यांना सरळ सांग, आणि यमनाची एखादी अशी बंदिश माग जी त्यांना स्वतःला फार आवडते. मग त्यांच्यासमोर बसून तिच्यासकट सहा आवर्तनं रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी ऐक.